मंगळवारची पहाट

रेवा आणि शौनक, तुम्ही दोघांनी आणि तुमच्या बाबाने मिळून गॅरेजमध्ये जे मशीन पुन्हा उभं केलंत, ते तुमच्या पणजोबांच्या घरी आलं तेव्हा मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. रेवा, तू फोनवर मला समजावून सांगितलंस, की त्या हिरव्या पट्टीवरची चिप मुळात कोरी असते. तिच्या आतल्या जोडण्या कशा असाव्यात हे लिहून दिलं की ती सांगू ते यंत्र होते. "आजी, ही नक्कल नाहीये गं, चिप आतून खरंच तेच मशीन होते," असं तू म्हणालीस. आणि मग म्हणालीस, "सगळ्यात डिफिकल्ट काय होतं माहितीये? जुन्या चिपमधल्या चुका. त्यापण सेम टू सेम उतरवायला लागतात. दुरुस्त केल्या तर जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत." मी "अरे वा" म्हणाले आणि गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. तुमच्यासाठी लिहितेय ते हे प्रकरण त्या दुधाच्या जागी आहे.

आमचं घर कर्वे रस्त्याच्या मागे एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत बाबांचे नियम. माझे बाबा एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाच्या उपकरणांचे अधिकारी होते. भिंतीवरचं घड्याळ ते रोज रेडिओवरच्या बातम्यांशी जुळवत आणि ते मागे पडलेलं दिसलं तर घरातल्या सगळ्यांकडे संशयाने बघत. आई शाळेत शिकवायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचा आवाज संपलेला असायचा. आतल्या खोलीत बाबांची आई, माई, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. तिच्या पायाशी सतरंजीवर बाबांची धाकटी बहीण, कुमुदआत्या. आत्या बी.ए. होती, एका वाचनालयात नोकरीला होती. माई पडली त्या आठवड्यात बाबांनी ती नोकरी एका वाक्यात सोडवली. "कुमे, पुस्तकं कपाटात आपली आपण उभी राहतात. माई राहत नाही." पाहुणे बसले होते, ते हसले. आत्याही हसली. त्या घराची सकाळ मला अजून नाकाने आठवते: आधी माईचं भांडं, मग फिनेल, मग शेंगदाणे भाजल्याचा वास, आणि या सगळ्यावर बाबांच्या दाढीच्या साबणाचा वास. बाबा त्यातून वाट काढत यायचे आणि विचारायचे, "कुमे, चहात साखर टाकलीस की नुसती आशा?"

बाबांच्या एका मित्राने इंग्लंडहून परत येताना ते मशीन आणलं. तिकडे ते जुनं झालं होतं, इकडे कोणी पाहिलंही नव्हतं. पाठ्यपुस्तकाएवढा काळा डबा आणि त्यावर राखाडी रबराची बटणं; दाबली की मेलेल्या माशाला हात लावल्यासारखं वाटायचं. टीव्हीला जोडायचं, प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचे. रेवा, तू आवाजाचं विचारलं होतंस. कॅसेट लावली की पहिल्यांदा एक सरळ शिट्टी, आणि मग लोखंडी कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे थरथरत असेपर्यंत. माई आतून ओरडायची, "कोण कोकलतंय गं?" आणि बाबा म्हणायचे, "कोणी नाही, माई. घरात एक नवीन कामसू माणूस आलंय. बोलतं कमी, चुकत नाही." वायरी आणि कॅसेटी आणायला ते मला बुधवार पेठेत घेऊन जात. तिथला दुकानदार आमची पिन उलटसुलट बघून म्हणायचा, "साहेब, हे खेळणं आहे की मशीन?" बाबा उत्तर देत, "तुम्ही विकताय ते काय आहे त्यावर अवलंबून." मशीनवर धूळ बसू नये म्हणून आत्याने क्रोशाचं झाकण विणलं. रोज संध्याकाळी ती ते घालायची, पाळण्यातल्या बाळाला घालावं तसं. तिला बटणांना हात लावायची परवानगी नव्हती.

मित्राने मशीनबरोबर काही इंग्रजी मासिकं आणली होती. त्यातल्या एकात, कोणत्याही दिवशी आणि वेळेला चंद्र आकाशात कुठे असेल ते काढायचं गणित छापलेलं होतं. चंद्र कळला की नक्षत्र कळतं, आणि दोघांची नक्षत्रं कळली की पत्रिका जुळते का ते कळतं, हे मला आत्याने सांगितलं. मी तो प्रोग्रॅम लिहिला. गणित मासिकातलं, कोष्टकं पंचांगातली. मी जमिनीवर बसून टाइप करायची आणि आत्या घेवडा मोडता मोडता पंचांगातून सांगायची, "अश्विनी, आद्य. भरणी, मध्य. कृत्तिका, अंत्य." म्हणजे त्या त्या नक्षत्राची नाडी. नवरा-बायकोची नाडी एकच निघाली, एकनाडी आली, की त्या काळची माणसं लग्न मोडत. त्या जोडप्याची मुलं जगत नाहीत अशी समजूत होती. मशीनला देवनागरी येत नव्हतं, म्हणून सगळं रोमन अक्षरांत. एकनाडी आली तर अक्षरं लुकलुकावीत अशी सोय मी केली होती. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

सोसायटीतल्या बायका मुलामुलींच्या जन्मवेळा घेऊन यायला लागल्या. सोफ्यावर दातांच्या डॉक्टरकडे बसावं तशा बसायच्या. बाबांचा पत्रिकांवर काडीचा विश्वास नव्हता, पण त्यांना हा दरबार आवडायला लागला. "ज्योतिषाला दक्षिणा लागते, याला नुसती वीज लागते," ते म्हणत. एकीच्या मुलाचं जमलं नाही तेव्हा ती रडायला लागली. बाबांनी तिला रुमाल दिला आणि म्हणाले, "रबरावर पाणी पडू देऊ नका."

याच काळात आत्यासाठी गोपाळरावांचं स्थळ आलं. ते मार्केट यार्डात गुळाच्या एका आडतीवर दिवाणजी होते, चाळिशीच्या अलीकडचे, घरी म्हातारी आई. आत्याला तेहेतिसावं लागलं होतं, आणि आधीची स्थळं कोणी रंग बघून, कोणी आतल्या खोलीत माईला बघून परत गेली होती. गोपाळराव पहिल्यांदा आले तेव्हा आतल्या खोलीत गेले, माईच्या उशाशी बसले आणि तिला त्यांनी गुळाचा खडा भरवला. माईने त्यांचं बोट चावलं. ते म्हणाले, "आजी, दात शाबूत आहेत की!" आत्या दारात उभी राहून मोठ्याने हसली. ते हसू मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. पुढचे काही दिवस ती भांडी घासतानाही मध्येच थांबायची. बाबांच्या ते लक्षात आलं होतं. "गुळाकडे मुंगळे जातात," ते जेवताना म्हणाले, "आमच्याकडे गूळ मुंगळ्याकडे येतोय." आत्याने त्यांना आणखी भात वाढला.

गोपाळरावांच्या आईची अट एकच होती, पत्रिका. त्या आपल्या गुरुजींना विचारणार होत्या. बाबांनी त्यांना घरी बोलावलं. "गुरुजी माणूस आहे, काकू. झोप कमी झाली की चुकेल. आमच्याकडे मशीन आहे." काकू टीव्हीसमोर बसल्या, शेजारी गोपाळराव टोपी मांडीवर घेऊन. आत्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी होती. तिला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. आत्याची पत्रिका गावच्या गुरुजींनी लिहिलेली, पिवळी पडलेली. त्यात चैत्री पौर्णिमा, मंगळवार, पहाट, नक्षत्र चित्रा असं होतं. बाबांनी त्या मंगळवारची इंग्रजी तारीख शोधून काढली, घड्याळाची पहाटेची वेळ घातली, आणि स्वतः बटणं दाबली. थोडा वेळ पडदा कोरा राहिला. मग आत्याचं नक्षत्र हस्त आलं, नाडी आद्य. गोपाळरावांचं आर्द्रा, नाडी आद्य. आणि खाली माझी ती अक्षरं लुकलुकायला लागली.

"पण पत्रिकेत तर चित्रा लिहिलंय," काकू म्हणाल्या.

"कंदिलाच्या उजेडात लिहिलंय ते," बाबा म्हणाले. "हे विलायतेहून आलंय."

चहा कोणी प्यायलं नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी माईजवळ जाऊन बसले. माझी शाळा कँपातली, सिस्टर्सची. आमचा वार मध्यरात्री बदलायचा. मी माईला विचारलं, "आत्या नक्की कधी झाली?" ती म्हणाली, "मंगळवारी पहाटे. उजाडता बुधवार." मी म्हटलं, "म्हणजे मंगळवार की बुधवार?" माईने मला मूर्खात काढलं. "सूर्य उगवल्याशिवाय वार बदलतो का? मंगळवारच. बुधवारचा सूर्य नंतर आला." मला एकदम कळलं. गुरुजींचा मंगळवार सूर्योदयापर्यंत चालतो. ती पहाट आपल्या इंग्रजी कॅलेंडरात बुधवारची. बाबांनी तारीख पूर्ण एक दिवस मागची घातली होती, आणि एका दिवसात चंद्र एक नक्षत्र सरकतो. मी मशीन लावलं, पुढची तारीख घातली. चित्रा आलं, नाडी मध्य. काहीही लुकलुकलं नाही.

बाबा बाल्कनीत बुटांना पॉलिश करत होते. मी धावतच गेले. "बाबा, तारीख एका दिवसाने चुकली. मी पुन्हा चालवून बघितलं. चित्राच येतं."

"येणारच."

त्यांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. "मग त्यांना सांगायचं ना?"

"काय सांगायचं? की विलायती मशीनला वार कळत नाही?"

"मशीनचं काही नाही, तारीख आपण—"

"आपण म्हणजे मी." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मृणाल, कुमी गेली तर माईचं भांडं कोण काढणार? तुझी आई?"

"मी काढीन."

"सकाळचं कॉलेज सोडून?"

"हो."

"शाबास. हे वाक्य पदवी मिळाल्यावर पुन्हा म्हणून दाखव." त्यांनी बूट उजेडात धरून पाहिला. आत्या वाळलेले कपडे हातात घेऊन आमच्या मागे, दारात उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही. बाबांना ती दिसली. "कुमे," ते म्हणाले, "आजचा चहा पातळ होता."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला न जाता स्वारगेटची बस धरली आणि तिथून चालत मार्केट यार्डात गेले. गुळाच्या गल्लीत वास इतका दाट होता की तो चावता आला असता. ढेपांवर गांधीलमाश्या बसलेल्या, हमाल त्यांच्याकडे लक्षही न देता ढेपा उचलत होते. गोपाळराव गादीवर बसून एका ढेपेची कड फोडून रंग बघत होते. मला बघून ते उठले, कोणाला तरी पाणी आणायला पाठवलं, आणि फोडलेला खडा माझ्या हातावर ठेवला. मी मंगळवारचं, बुधवारचं, सूर्योदयाचं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही.

"ते आमच्या गुरुजींनी त्याच संध्याकाळी सांगितलं," ते म्हणाले. "म्हणून तर काल मी पुन्हा तुमच्याकडे येऊन गेलो. तुम्ही कॉलेजात होतात. वडील खाली जिन्यातच भेटले."

"मग?"

"राहू दे, बाई."

"काय म्हणाले बाबा?"

त्यांनी टोपी काढली, परत घातली. "म्हणाले, तारखेत चूक नाही. चूक झाली ती मुलगी झाली तेव्हाच झाली." मग म्हणाले, "आई माझ्याबरोबर होती हो. पत्रिकेचं तिला पटलं होतं. पण घरी जाताना रिक्षात म्हणाली, सख्ख्या बहिणीबद्दल असं बोलणाऱ्या माणसाच्या पंगतीला मी आयुष्यभर बसणार नाही. दुसरी मुलगी बघितलेली होती. कालच होकार कळवला."

तो खडा माझ्या मुठीत पाघळत होता. मी तो रुमालात बांधला. घरी पोचले तेव्हा आत्या डाळ घोटत होती. तिने वर न बघता म्हटलं, "मार्केट यार्डात गेली होतीस. वास येतोय." मी चपला कोपऱ्यात काढल्या. "काय म्हणाले? गाळू नकोस काही. जसंच्या तसं सांग." मी जसंच्या तसं सांगितलं, बाबांचं वाक्यसुद्धा. तिने हात पुढे केला. मी रुमाल दिला. तिने तो खडा सोडवला, रुमालाचे धागे काढले, आणि खडा आमटीत टाकला.

त्या संध्याकाळी बाबांनी आमटी दोनदा मागून घेतली. "आज जमली आहे," ते म्हणाले. "गूळ कुठला?"

"मार्केट यार्डातला, दादा," आत्या म्हणाली.

बाबांनी वाटी तोंडाला लावली आणि संपवली. आई ताटाकडे बघत राहिली. आतून माई म्हणाली, "मला कोणी आमटी देणार आहे का?"

पुढे देशाची दारं उघडली. परदेशी कंपन्या पुण्यात आल्या, कर्वे रस्त्यावर कॉम्प्युटर शिकवण्याच्या पाट्या लागल्या, मलाही अशाच एका कंपनीत नोकरी लागली आणि मी लग्न होऊन धायरीला आले. तेव्हा धायरीत अजून शेतं होती. बाबांचं मशीन कोणाला दाखवण्याजोगं उरलं नाही. ते झाकणासकट माळ्यावर गेलं. माई खूप जगली. ती जाईपर्यंत आत्याच्या केसांत काळा केस उरला नव्हता. आई तिच्या आधीच गेली होती. आता आत्या सुटली असं तुम्हाला वाटेल. माई गेली त्याच वर्षी मधुमेहाने बाबांची नजर गेली, आणि पाठोपाठ अर्धांगाचा झटका आला. ते त्याच खोलीत, त्याच खाटेवर आले. सतरंजी घडीसुद्धा केलेली नव्हती.

बाबांना आंधळेपणापेक्षा वेळ न कळण्याचा त्रास जास्त झाला. पहाटे जाग आली की ते पहिलं विचारायचे, "कुमे, आज वार कोणता?" आणि आत्या काल सांगितलेलाच वार पुन्हा सांगायची, कधी कधी चार-चार दिवस. "सोमवार, दादा. अजून उजाडलं नाही." ते दुपारी विचारायचे, ती तेच सांगायची. खोलीची खिडकी ती बंद ठेवायची. रेडिओ बिघडलाय म्हणून सांगितलं होतं. तो स्वयंपाकघरात हळू आवाजात चालू असायचा. रोज ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, रद्दीच्या गठ्ठ्यातलं. ते म्हणायचे, "हे काल वाचलंस." ती म्हणायची, "काल नाही, दादा. तुझं डोकं चुकतंय."

एका गुरुवारी डॉक्टर तपासायला आले तेव्हा मी तिथे होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" बाबा ठासून म्हणाले, "सोमवार." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "गुरुवार आहे, आजोबा." बाबा ओरडले, की मी वार चुकत नाही, आयुष्यात चुकलो नाही, कॅलेंडर आणा. मग कॅलेंडर आपल्याला दिसत नाही हे त्यांना आठवलं. डॉक्टरांनी इंग्रजीत मला हळूच सांगितलं, की बुद्धी जायला लागली आहे, या वयात होतं. बाबांना इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं येत होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हाताने चाचपडत माझा हात धरला. "मृणाल, तू सांग. आज वार कोणता?"

आत्या भांडं घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

"सोमवार, बाबा," मी म्हणाले.

डॉक्टर चकित झाले. त्यांना वाटलं, लेक बापाचं मन राखते आहे. त्यांनी गोळी लिहून दिली. बाबा डॉक्टरांकडे तोंड करून विजयाने हसले, आणि आत्याने त्यांना पाण्याबरोबर भ्रमाची गोळी दिली. ते वारले तो दिवस त्यांच्या हिशेबाने कोणता होता, ते आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही.

आता आत्या माझ्याकडे धायरीला असते. माळ्यावरची कॅसेट गेल्या दिवाळीत तुमच्या बाबाने नेली, आणि परवा रेवा, तू व्हिडिओ लावलास. तो लोखंडी कपाटाचा आवाज आला तशी आत्या हातातलं वाटण टाकून फोनसमोर येऊन बसली. तू म्हणालीस, "आत्याआजी, बर्थडेट सांगा ना!" ती म्हणाली, "चैत्री पौर्णिमा. मंगळवार. पहाट," आणि साल सांगितलं. तू इंटरनेटवर तो मंगळवार शोधलास आणि टाकलास. हस्त. आद्य. गोपाळरावांचं आर्द्रा तिने तोंडपाठ सांगितलं, आणि इतक्या वर्षांनी, समुद्रापलीकडे, तुझ्या त्या बोटाएवढ्या चिपवर ती अक्षरं पुन्हा लुकलुकायला लागली. आत्या पोट धरून हसली. "मशीन तेच आहे गं, अगदी तेच!"

मी तुला सूर्योदयाचं थोडक्यात सांगितलं. तू लगेच म्हणालीस, "अय्या, मग एक लाइन टाकते ना, सूर्योदय आधी की नंतर. फिक्स होईल."

"नको," आत्या म्हणाली. "दुरुस्त केलंस तर तुझे जुने प्रोग्रॅम चालायचे नाहीत." आणि वाटण करायला निघून गेली.

तिची नजरही आता अधू झाली आहे. पहाटे जाग आली की ती अंथरुणातून विचारते, "मृणाल, आज वार कोणता?" मी खरा वार सांगते. ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तिने मला एकदा वार सांगताना ऐकलं आहे. "खिडकी उघड," ती म्हणते. मी पूर्वेची खिडकी उघडते आणि तिच्या शेजारी उभी राहते. ती हात चादरीबाहेर काढून ठेवते, तळवा वर करून, आणि त्यावर ऊन येईपर्यंत आम्ही दोघी वाट बघतो.